हेल्मेटात सावरीचा कापूस

हर्षाच्या डोक्याचं माप खेमराजने कोशाच्या रेशमी धाग्याने घेतलं. भुवयांच्या वर दोन बोटं सोडून, कानांवरून नेत, मागे कवटीचा फुगवटा असतो तिथे धागा जुळवला आणि बारीक गाठ मारली. दुकानात टेप असते मामाजी, असं ती म्हणाली होती. असेल. पण चाळीस वर्षं हातमागावर काढलेल्या माणसाचा दुसऱ्याच्या टेपेवर जीव बसत नाही. धागा बोटाला गुंडाळून त्याने सदऱ्याच्या खिशात टाकला आणि सुनेला म्हणाला, चल, काढ गाडी.

हर्षा त्याची सून. गल्ली म्हणायची, होती. पोरगाच राहिला नाही तर सून कशाची? खेमराजच्या लेखी ती होतीच. अंकुशला जाऊन चौदा महिने झाले होते. ती अड्याळच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची आणि पवनीहून रोज अंकुशच्याच मोटारसायकलवर जायची. एस.टी.च्या भरवशावर तिची नोकरी टिकली नसती. विधवा बाई नवऱ्याच्या गाडीवर टांग टाकून जाते, यावर विणकरांच्या त्या गल्लीत मोप बोललं गेलं. गल्लीतल्या तोंडांना पगार नसतो, म्हणून ती दिवसभर चालतात. बोलणाऱ्यांपैकी एकानेही तिच्या दारात पायलीभर तांदूळ आणून टाकला नव्हता.

पण प्रश्न गाडीचा नव्हता, हेल्मेटचा होता. तिच्याकडे होतं ते रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर मांडून विकतात त्यातलं. पोलिसांची मोहीम निघाली की ही दुकानं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवतात आणि मोहीम सरली की गायब होतात. तसलं हेल्मेट डोक्यासाठी नसतंच, पावती वाचवण्यासाठी असतं. विकणाऱ्याला ते माहीत असतं, घेणाऱ्याला माहीत असतं, पावती फाडणाऱ्यालाही माहीत असतं. गाडीने जरा वेग घेतला की त्यात वारा घुसायचा आणि कानाशी कोणी गळा काढून रडावं तसा आवाज करायचा. अड्याळला पोचेपर्यंत हर्षाच्या कानात घूं घूं, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला की कपाळ ठणकायचं. एकदा तिने एका म्हाताऱ्याच्या रक्तातल्या पेशी तीनदा मोजल्या आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. त्या दिवसापासून गाव सुटलं की ती हेल्मेट काढून कोपरात अडकवायची.

हे खेमराजने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सुताच्या कांड्या भरायला दिल्या होत्या त्या आणायला तो सकाळी गावाच्या टोकाला गेला होता. समोरून सून गेली. हेल्मेट कोपरात, डोकं उघडं. तिने त्याला पाहिलं नाही. तो घरी आला, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या हातून धोटा एकदाही फेकला गेला नाही.

ती कामावरून आल्यावर त्याने विचारलं. रागावून नाही.

"डोक्यात काहून नाई घालत, बाई?"

"आत पोंगा वाजते, मामाजी. डोकं बधिर होते. मागून ट्रक आला तरी मले समजत नाई."

"मंग आवाज नाई करत असं घेऊ. पूर्ण तोंडाचं. मऊ."

"तसं राहते का?"

"राहते. पाहू ना."

मऊ या शब्दावर खेमराजचा भारी जीव. का, ते आधी सांगायला पाहिजे.

अंकुशचंही हेच रडगाणं होतं. त्याने तर चांगलं घेतलं होतं, भंडाऱ्यातून, पूर्ण तोंडाचं, लाल पट्ट्याचं. पण नवं हेल्मेट ते, कान दाबायचं, आणि वाऱ्यात शिट्टी मारायचं. पोरगा रोज येऊन कानाची पाळी चोळायचा. खेमराजने तीन दिवस ऐकून घेतलं, चौथ्या दिवशी ते मांडीवर घेऊन बसला. आतलं कापड सोलून काढलं. कापडाखाली पांढरा थर्माकोल होता, टीव्हीच्या खोक्यात येतो तसला. त्याला हसू आलं. एवढी महागाची वस्तू, आणि आत खोक्यातला कचरा. त्याने चाकूने तो सगळा खरवडून काढला आणि त्या जागी सावरीचा कापूस भरला.

तो कापूस त्याच्या बायकोचा, जानकीबाईचा. आदल्या उन्हाळ्यात तिने वैनगंगेच्या काठी सावरीच्या झाडांखालची बोंडं वेचून आणली होती, उशीसाठी. सावरीच्या कापसाची उशी ज्याने घेतली त्यालाच कळेल. डोकं टेकलं की आपल्याला डोकं आहे हेच विसरायला होतं. जानकीबाईने तीन दिवस बसून एकेक बी काढली. उशी राहिली बाजूला, कापूस लेकाच्या हेल्मेटात गेला. वरून खेमराजने कोशाच्या उरलेल्या तुकड्याचं अस्तर शिवलं. टाके असे, की नख फिरवलं तरी अडकणार नाही.

अंकुश ते घालून नदीच्या पुलापर्यंत जाऊन आला आणि दारातच म्हणाला, "बाबा, आत देवघरासारखं शांत हाय."

मग काय, गल्लीतली पोरं लागली रांगेत. पहिला कैलाश, शेजारच्या डोमाचा. त्याच्यामागे आणखी तिघं. खेमराजने चौघांचीही हेल्मेटं तशीच करून दिली. एक दमडी घेतली नाही. विणकराला कोणी वा म्हटलं की पोट भरतं, हीच तर त्याची बरबादी.

पुढे पाच महिन्यांनी, रोवण्याच्या दिवसांत, अंकुश हर्षाला तिच्या माहेराहून आणायला आसगावला निघाला. रस्त्यावर टिप्परमधून रेती सांडलेली होती. वैनगंगा पोखरून नेतात ती रेती शहरांतल्या बंगल्यांना लागते. वाटेत सांडते तेवढी आमच्या पोरांच्या चाकांखाली येते. गाडी सरकली. वेग काहीच नव्हता. बांधीत धान रोवणाऱ्या बायांनी पाहिलं, त्या म्हणाल्या, सायकलवरून पडावं तसा पडला. डोकं छोट्या पुलाच्या कठड्याला लागलं. हेल्मेट डोक्यातच होतं, पट्टाही लावलेला होता. बाहेरून हेल्मेटाला एक चरा गेला होता. तेवढाच. आतलं डोकं मात्र उरलं नव्हतं.

गल्लीने यावर आपला निकाल दिला. हेल्मेट घालूनही गेला. दहाव्याला नदीवर डोमाने तो सगळ्यांदेखत बोलून दाखवला: "ज्याची भरली त्याले हेल्मेट का वाचवते गा?" माना हलल्या. तेव्हापासून पवनीत कोणी पोराला हेल्मेट घाल म्हटलं की पोरगा अंकुशचं नाव घ्यायचा आणि विषय संपायचा. मेलेल्या पोराचा असाही उपयोग लोक करतात. त्याचे कपडे रिवाजाप्रमाणे देऊन टाकले, घड्याळ हर्षाच्या भावाला गेलं. हेल्मेट कोणी घेतलं नाही. ते मागाच्या खांबाला खिळ्यावर टांगलेलं राहिलं आणि खेमराज त्याच्याखाली बसून विणत राहिला. कधी मन फारच भरून आलं तर उठून आतल्या अस्तरावरून बोट फिरवायचा. निदान शेवटच्या घडीला पोराचं डोकं मऊ जागी होतं, एवढाच त्याच्या जिवाला आधार होता. याच आधारावर तो जगला होता, चौदा महिने.

तर त्या इतवारी सासरा-सून भंडाऱ्याला गेले. भांड्यांच्या दुकानांची ओळ संपते तिथे हेल्मेटचं दुकान. दुकानदार कमलेश, तिशीतला, तोंडाचा मोकळा. त्याला वाटलं हेल्मेट काकाजींना पाहिजे. सुनेला पाहिजे म्हटल्यावर त्याने गुलाबी रंगाचं, फुलं काढलेलं एक पुढे केलं. हर्षाने ते हातात घेतलं नाही.

"रंग कोणताबी चालते, भाऊ," ती म्हणाली. "रोज पन्नास किलोमीटर जाणं-येणं हाय. आत आवाज नाई पायजे अन् डोकं नाई दुखलं पायजे. मले तिकडं जाऊन बारीक काम राहते."

कमलेशने गुलाबी हेल्मेट मुकाट्याने वर ठेवलं. खेमराजने खिशातून धागा काढून दिला. कमलेशने तो टेपेवर ताणला, मग खात्रीसाठी हर्षाचं डोकं टेपेने मोजलं, आणि म्हणाला की गाठ बरोबर जागेवर आहे, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं आली तर टेप फेकून देतो. खेमराज हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला असावा, कारण हर्षाने वळून त्याच्याकडे पाहिलं.

पुढचा अर्धा तास कमलेशने जे शिकवलं ते त्या रस्त्यावरच्या ताडपत्रीवाल्याने सात जन्मात शिकवलं नसतं. वारा समोरून कमी आणि हनुवटीखालून, मानेकडून जास्त घुसतो. म्हणून खालचा घेर मानेला धरून पाहिजे. काच लावली की तिचं रबर चहूकडून बसलं पाहिजे, कुठे केसाएवढी फट राहिली तरी शिट्टी वाजणार. घालून डोकं हलवायचं. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, मागे राहता कामा नये. पहिलं हर्षाला कानशिलांवर सैल झालं. दुसरं शांत होतं, पण वजनाने मान वाकली. तिसरं राखाडी, दिसायला काहीच नाही, एखाद्या गरीब नातेवाइकासारखं कोपऱ्यात पडलेलं. ते घातलं आणि काच लावली, तशी हर्षा बोलायची थांबली. मग काच वर करून म्हणाली, "तुमी बोलत होते तं दुसऱ्या खोलीत बोलल्यासारखं आयकू आलं."

"दुकानात सगळेच शांत राहतात ताई," कमलेश म्हणाला. "गाडीवर घालून एक चक्कर मारून या. तिथं खरं काय ते समजते."

हर्षा गाडी घेऊन गेली. खेमराज काउंटरजवळच्या स्टुलावर बसला आणि सवयीने तसल्याच दुसऱ्या एका हेल्मेटात हात घालून आतलं अस्तर चाचपायला लागला. कापड ठीक होतं, शिवण भाड्याच्या हातांची होती. गालाजवळ कडक होतं. पोरीला दाबणार, त्याने ओळखलं. कारागिराला दुसऱ्याचं काम पाहून गप्प बसवत नाही. तो म्हणाला की घरी नेऊन मी हे आतून नीट करून देईन.

कमलेश म्हणाला, अस्तर निघतं, धुताही येतं.

"अस्तर नाई. त्याच्या खालचा थर्माकोल काढतो म्या. सावरीचा कापूस भरतो. माह्या हातचे पाच हेल्मेट हायेत पवनीत."

कमलेशला आधी वाटलं म्हातारा मस्करी करतो आहे. तो हसला. मग त्याने खेमराजच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसणं अर्ध्यावर राहिलं. त्याने काउंटरखालून एक हेल्मेट काढलं, करवतीने मधोमध कापलेलं, कलिंगडाच्या फोडीसारखं, गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेलं. बाहेर पातळ कवच, आत बोटभर जाड पांढरा थर, मग अस्तर.

तो समजावून सांगू लागला आणि फार नीट सांगितलं, हीच खेमराजवर आलेली आफत. वरचं कवच म्हणजे नुसतं टरफल. माणूस वाचवतो तो हा पांढरा. डोकं आपटलं की हा दबतो, चुरतो, सगळा मार स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरतो. एकदाच कामाला येतो, म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा घालायचं नसतं. कापूस दबतो खरा, पण दबतच जातो, काही अडवत नाही. "उशी भिंतीले लावून तिच्यावर डोकं मारून पाहा काकाजी. भिंतच लागते."

खेमराजने ते अर्धं हेल्मेट हातात घेतलं. पांढऱ्या थरावर अंगठ्याचं नख दाबलं. खूण उमटली. त्याने अंगठा काढला, खूण तशीच राहिली. त्याने वाट पाहिली. खूण भरून आली नाही. सावरीच्या कापसावर कितीही दाबा, हात काढला की तो फुलून वर येतो, काही झालंच नाही असा; याच गुणासाठी तर तो त्याला आवडायचा.

"कोणाचे भरून दिले तुमी?" कमलेशने विचारलं.

"माह्या पोराचं."

"त्याले आजच सांगा, घालू नको म्हणावं."

"सांगतो," खेमराज म्हणाला.

कमलेश खोका शोधत होता. खोक्यातून एक घडीचा कागद खाली पडला. असलाच कागद अंकुशच्या हेल्मेटाबरोबरही आला होता. जानकीबाईने तो लोणच्याच्या बरणीखाली घातला होता, अजून तिथेच असेल. खेमराजने विचारलं, यात काय लिहिलं असतं? कमलेशने कागद उजेडाला धरला, डोळे बारीक केले, बोट फिरवत गेला आणि एका ओळीवर थांबला. आतलं काही कापू नका, काढू नका, बदलू नका, असं आहे म्हणाला.

इंग्रजीत होतं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. हेल्मेटवर कंपनीचं नाव तळहाताएवढं लिहितात, लांबून आंधळ्याला दिसावं असं. आणि ज्या एका ओळीवर पोराचा जीव टांगलेला आहे ती अशी लिहितात की ज्याने ती वाचायला पाहिजे त्याला ती कधीच वाचता येऊ नये. यावर कोणी खटला भरत नाही. खटला भरायचा तर आधी ती ओळ वाचता यावी लागते.

हर्षा परत आली. काच वर, चेहरा उजळलेला.

"मामाजी, हेच. वाराच नाई आत. फक्त गालाले दाबते जरासं. घरी गेल्यावर करून द्याल ना, त्याइच्या हेल्मेटासारखं?"

"नाई."

"काहून?"

खेमराजने हातातलं अर्धं हेल्मेट काउंटरवर ठेवलं. कमलेशने मध्ये पडून सांगितलं की नवीन हेल्मेट गालांना दाबायलाच पाहिजे ताई, महिनाभरात आपोआप बसतं, सैल घेतलं तर चुकलं. हर्षाने मान डोलावली, पण तिचं लक्ष सासऱ्याकडे होतं.

परत येताना खेमराज मागे बसला होता, डोक्यात सुनेचं जुनं, ताडपत्रीवरचं हेल्मेट. त्यात वारा घुसून रडत होता. मागाच्या खटखटीने त्याचे कान अर्धे गेलेले, तरी तो आवाज त्याला ऐकू येत होता. सांगायचं की नाही? न सांगितलं तर कोणाला कधीच कळणार नव्हतं. पोलिसांना कळलं नव्हतं, डॉक्टरांना कळलं नव्हतं. गल्लीने नशिबावर ढकलून मोकळं केलं होतं. सगळी दुनिया त्याला निर्दोष सोडायला तयार होती. आणि चार पोरं ते हेल्मेट घालून रोज रस्त्यावर हिंडत होती.

अड्याळ मागे पडल्यावर हर्षाने एका पळसाखाली गाडी थांबवली. गाल दुखत होते. तिने हेल्मेट काढलं, गालांवर लाल वळ उठले होते. ती पाणी प्यायली, बाटली त्याच्याकडे दिली आणि थट्टेच्या आडून मनातलं बोलली.

"पोराले तेवढं करून देल्लं. सुनेले नाई म्हणता."

खेमराजने बाटली तोंडाला न लावता खाली ठेवली.

"बाई, तो थर्माकोल म्या काढला नसता तं अंकुश जगला असता."

मग त्याने सगळं सांगितलं, जसं दुकानात ऐकलं तसंच, कापलेलं हेल्मेट, नखाची खूण, कागदावरची ओळ. मध्ये कुठे स्वतःला सोडवलं नाही. मला माहीत नव्हतं, हे शब्द त्याच्या जिभेवर दोनदा आले आणि त्याने ते दोनदा गिळले.

हर्षाने हेल्मेट उचललं. डोक्यात घातलं. पट्टा लावला. काच खाली ओढली आणि गाडीला टेकून, रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलताना दिसत होते. आवाज येत नव्हता. हेल्मेट खरंच चांगलं निघालं होतं. खेमराज दोन हात अंतरावर उभा होता आणि त्याच्या सुनेचं रडणं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. एक एस.टी. गेली, मागून तणसाने भरलेला ट्रॅक्टर गेला. ती तशीच.

कितीतरी वेळाने तिने काच वर केली. डोळे लाल, आवाज कोरडा.

"कैलाश उद्या भिवापूरले कामाले जाईन ना?"

"हव."

"तेच हेल्मेट घालून?"

त्याने खाली ठेवलेली बाटली उचलली.

"बसा," ती म्हणाली. मग चावी फिरवता फिरवता, "घरी आईले थर्माकोलाचं सांगा. कापसाचं सांगू नका."

पवनीत आल्यावर तिने गाडी घराकडे वळवली नाही. थेट डोमाच्या दारात नेऊन उभी केली.

डोमा ओसरीवर बसून सुताचा गुंता सोडवत होता. त्याला बोलायला निमित्तच लागायचं. म्हणाला, "का गा खेमराज, सुनेच्या मागं बसून कुठं हिंडून राहिला? म्हातारपणी हौस आली काय?" खेमराजने कैलाशचं हेल्मेट मागितलं. डोमा म्हणाला की घेऊन जा बापा, तसंही ते काय कामाचं, तुझ्या अंकुशला त्याने कुठे वाचवलं. सहज बोलला. चौदा महिने गल्ली हे वाक्य सहजच बोलत आली होती.

खेमराज पायरीवर उभा होता. त्याने मागे हर्षाकडे पाहिलं नाही.

"हेल्मेटनं नाई मारलं, डोमा. म्या मारलं. त्याच्या आतलं जे वाचवते ते म्या चाकूनं काढून फेकलं. तुह्या पोराच्याबी हेल्मेटातून काढलं."

डोमाच्या हातातला गुंता मांडीवर पडला. गल्लीत ज्याचं तोंड कधी बंद झालं नाही त्याचं तोंड उघडं राहिलं. मग त्याच्यातला माणूस जागा झाला आणि तो मऊपणाने म्हणाला, "असं नको बोलू गा. नशिबात असते ते होते."

"मले नशिबाच्या आड लपवू नको," खेमराज म्हणाला. "पोराचं हेल्मेट आण."

कैलाशनेच ते आतून आणून दिलं. त्याने सगळं ऐकलं होतं. बाकीच्या तिघांच्या दारात खेमराजने हेच सांगितलं, शब्दही फारसे बदलले नाहीत. एकाने हुज्जत घातली, फार आराम आहे काकाजी, राहू द्या. खेमराजने ते त्याच्या हातातून ओढून घेतलं. एकाच्या आईने हेल्मेट त्याच्या अंगावर फेकून दार लावून घेतलं आणि आतून त्याला शिव्या दिल्या. तो दाराबाहेर उभा राहून शेवटपर्यंत ऐकत राहिला. त्याला त्या बऱ्या वाटल्या. चौदा महिन्यांत त्याच्याशी खरं बोलणारी ती पहिलीच.

घरी येऊन त्याने खांबावरचं अंकुशचं हेल्मेट खिळ्यावरून काढलं आणि पाचही हेल्मेटं आंगणात मांडली. कात्री घेतली. स्वतःच्या हातचे टाके उसवायला बसला. इतके बारीक टाके, की कात्रीचं टोक शिरेना. अस्तर फाटलं तसा कापूस फुलून बाहेर आला आणि आंगणभर उडायला लागला.

जानकीबाई घरातून बाहेर आली. आंगणातलं पांढरं पाहून तिने कपाळाला हात लावला. चांगला कापूस असा काय उडवून राहिले, म्हणाली, आणि वाकून वाकून गोळा करून पदरात भरू लागली. तीन दिवस बसून बिया काढलेला कापूस तो. एक पुंजका हर्षाच्या पायाशी गेला, तोही तिने उचलला. उशी होईल अजून, असं काहीतरी ती स्वतःशीच बोलत होती.

खेमराजने कात्री खाली ठेवली. थर्माकोलाचं सांगायचं, कापसाचं नाही, असं ठरलं होतं. पण कापूस बायकोच्या पदरात होता आणि थर्माकोल कुठेच नव्हता. त्याने सांगितलं. ती वाकलेलीच राहिली. सगळं सांगून झाल्यावरही ती सरळ झाली नाही.

"माहा कापूस होता ना तो," ती म्हणाली.

"कापसाचा दोष नाई. हात माहा होता."

जानकीबाई हळूहळू सरळ झाली. पदराचं टोक सोडलं. कापूस खाली पडला नाही. सावरीचा कापूस पडत नाही. तो वर गेला, कौलांवर गेला, शेजारी डोमाच्या आंगणात गेला. ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली, आणि मग अंकुशचं हेल्मेट कुशीत घेऊन मागाच्या खड्ड्याच्या काठावर जाऊन बसली. त्यातला कापूस तिने कोणाला काढू दिला नाही. स्वतः काढला, एकेक चिमूट. तळाशी असलेला काळा, कडक झालेला होता. तो तिने उडू दिला नाही. पदराच्या गाठीत बांधला.

हर्षा माहेरी निघून जाईल असं गल्लीला वाटलं. गल्लीला काहीही वाटतं. ती सोमवारी सकाळी कामावर निघाली. खेमराज मागावर बसला नव्हता. ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. जानकीबाईने डबा आणून तिच्या पिशवीत ठेवला, आणि हर्षाने हेल्मेट घातलं तेव्हा पुढे होऊन दोन्ही तळहातांनी तिचे गाल हेल्मेटासकट दाबून पाहिले.

"दुखते का?"

"हव. दाबते."

सगळ्या जन्मात जिने घरातल्या कोणाच्या डोक्याखाली कडक उशी येऊ दिली नव्हती, त्या बाईने पट्टा एक घर आणखी आवळला.

"दुखू दे," ती म्हणाली.